गालाच्या हाडाची दुसरी शस्त्रक्रिया : होकार देण्याआधी काय काय तपासायचं

संक्रांतीच्या दुपारी जेवणं उरकून आम्ही गड्ड्याच्या जत्रेला निघायच्या गडबडीत होतो. मावसबहीण माझ्या शेजारी बसून तिळाची वडी खात होती. तिच्या उजव्या कानापुढून 'टक्' असा आवाज आला. तिनं पुन्हा चावलं, पुन्हा टक्. मी वळून पाहिलं तर म्हणाली, "ताई, ते होतंच असं. सूज पूर्ण उतरली की जाईल म्हणालेत." गालाची हाडं कमी करून घेण्याची शस्त्रक्रिया तिनं एका मोठ्या शहरात करून घेतली होती आणि त्याला साडेचार महिने होऊन गेले होते. सूज केव्हाच उतरली होती. मी तिच्या कानापुढं दोन बोटं टेकवली आणि परत चावायला सांगितलं. बोटांखाली हाड हललं.

मी सोलापुरात सीटी स्कॅन केंद्रात तंत्रज्ञ आहे, बारा वर्षं झाली. दुचाकीवरून पडून गालाचं हाड मोडलेली माणसं आमच्याकडे नेहमी येतात, त्यामुळे हे हाड माझ्या चांगल्या ओळखीचं. तरी घरातल्या पोरीचं हाड बोटाखाली हललं तेव्हा माझे हात गार पडले. त्यानंतरचं वर्षभर तिच्याबरोबर फिरताना जे शिकले ते इथं लिहिते आहे. निदान आणि उपचार डॉक्टरच करणार. पण त्यांच्यासमोर बसताना हातात कोणते कागद हवेत आणि डोक्यात कोणते प्रश्न हवेत, हे मी सांगू शकते.

कुठं कापतात आणि काय सैल होतं

डोळ्याच्या खाली, थोडं बाहेरच्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो तो गालाच्या हाडाचा मुख्य भाग. तिथून कानाकडे जाणारी सडपातळ पट्टी म्हणजे कमान. समोरून चेहरा रुंद दिसतो तो बराचसा कमानीमुळे, आणि तिरकं पाहिल्यावर गाल पुढं आलेला दिसतो तो मुख्य भागामुळे.

शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा तोंडाच्या आतून, वरची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत छेद घेतात. तिथून मुख्य भाग 'एल' अक्षराच्या आकारात कापतात आणि गरजेप्रमाणे काही मिलिमीटरची हाडाची पट्टी काढून टाकतात. दुसरा लहान छेद कानापुढं, कल्ल्याच्या केसांत असतो. तिथं कमानीचं मागचं टोक कापतात. मग मोकळा झालेला तुकडा आत सरकवून टायटॅनियमच्या बारीक प्लेट आणि स्क्रूनं बसवतात. १९८३ साली जपानमधल्या ओनिझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शस्त्रक्रिया वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आज ती दक्षिण कोरियात मोठ्या प्रमाणावर होते. तिकडच्या चेहऱ्यांची ठेवण रुंद असते आणि निमुळता, अंडाकृती चेहरा सुंदर समजला जातो.

एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. दातावर दात दाबले की जबड्याच्या कोपऱ्यावर जो स्नायू टरारून फुगतो, तो वर याच हाडाच्या खालच्या कडेला चिकटलेला असतो. प्रत्येक घासाला तो हाडाला खाली ओढतो. शिवाय गालाची त्वचा आणि चरबी जागच्या जागी धरून ठेवणारे बंधही इथंच हाडाला बांधलेले असतात. हाड कापायला जागा करताना त्यांतले काही सोडवावे लागतात.

पहिल्यांदाच विचार करत असाल तर आधी हाडच मोठं आहे का, ते बघा. वजन उतरलं, दाढा पडल्या, कानशिलं खोलगट झाली, की हाड आहे तेवढंच असूनही वर आल्यासारखं दिसतं. जबडा बारीक दिसावा म्हणून चावण्याच्या स्नायूत बोटॉक्स घेतल्यावरही काहींची गालफडं जास्त उठून दिसतात. अशा वेळी हाड कापून प्रश्न सुटत नाही. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी "गालफडं वर आलीत हो मुलीची" असं बोलून गेलं होतं. त्या एका वाक्यावर ती दोन वर्षं कुढत राहिली, आणि आम्हाला कुणाला ते कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ का येते

लोक डॉक्टरांकडे जाऊन "बिघडलं" एवढंच सांगतात. पण बिघडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत आणि उपाय करणारे डॉक्टरही बऱ्याचदा वेगळे असतात.

पहिला प्रकार माझ्या बहिणीचा : हाड जुळतच नाही. तुकडा पुरेसा घट्ट बसवलेला नसेल, दोन टोकांमध्ये फट राहिली असेल, रुग्णानं लवकर कडक खायला सुरुवात केली असेल किंवा तंबाखू चालू असेल, तर चावण्याचा स्नायू त्या तुकड्याला रोज थोडा थोडा खाली ओढतो. चावताना टक्-टक् होणं, कानापुढं खळगा पडणं, एक गाल उतरल्यासारखा दिसणं, दिवस कलला की मंद ठणका लागणं, या त्याच्या खुणा.

दुसऱ्या प्रकारात हाड जुळतं, पण चुकीच्या जागी. दोन्ही बाजू सारख्या नसतात, किंवा हाडावर पायरीसारखी कड हाताला लागते. फार कापलं गेलं तर चेहरा सपाट आणि वयस्कर दिसतो. कमी कापलं गेलं तर पैसे आणि त्रास खर्चून फरक दिसत नाही. नुसती कमान आत दाबली आणि मुख्य भाग तसाच ठेवला, तर समोरून चेहरा बारीक वाटतो, पण मान थोडी वळवली की गाल होता तिथंच.

तिसरा प्रकार गाल ओघळण्याचा. इथं हाड व्यवस्थित जुळलेलं असतं, पण आतला आधार सुटल्यामुळे मांस आणि त्वचा खाली येते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते, जबड्याच्या कडेला लोंबल्यासारखं दिसतं. त्वचा आधीच सैल असेल किंवा वय जास्त असेल तर याची शक्यता वाढते. यात पुन्हा हाड कापायला सांगणारा कुणी भेटला तर तिथून उठा. याचा उपाय बहुधा गाल वर उचलून बांधणं किंवा चरबी भरणं हा असतो.

तोंड पुरेसं न उघडणं हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं आणि व्यायामानं सुटतं. महिने उलटूनही सुटलं नाही, तर कमान फार आत जाऊन खालच्या जबड्याच्या वरच्या टोकाला अडते आहे का, ते स्कॅनमध्ये पाहावं लागतं.

वरचा ओठ, नाकाची कड, खालची पापणी किंवा वरच्या हिरड्या बधिर होणं म्हणजे डोळ्याखालून येणारी नस ताणली किंवा दुखावली गेलेली असते. ती बहुतेकांची काही महिन्यांत सावरते. नुसत्या बधिरपणासाठी पुन्हा हाड उघडून फायदा नाही, झाला तर तोटाच. कानापुढच्या छेदानंतर एका बाजूची भुवई वर जात नसेल तर वेगळी नस आहे, ते लगेच सर्जनच्या कानावर घाला. नाकातून एका बाजूनं घाण वासाचं पाणी येत असेल तर सायनसचा, म्हणजे गालाच्या हाडाआतल्या हवेच्या पोकळीचा, विचार करायचा, त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

आणखी एक प्रकार बोलायला अवघड आहे. स्कॅन नीट असतो, चेहरा चारचौघांना चांगला दिसतो, तरी रुग्णाला आरशात काही पटत नाही. दिवसातून वीस-वीस वेळा आरसा, सगळ्या समारंभांना दांडी, सतत कुणाला तरी "सारखं दिसतंय का गं?" असं विचारणं. अशा माणसाला तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेनंही समाधान मिळत नाही. मानसोपचारतज्ज्ञाची भेट इथं खरंच उपयोगी पडते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे घरच्यांनी आधी स्वतःला समजवावं.

थांबायचं किती

हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरायला लागतं, पक्कं व्हायला त्याहून महिने जास्त लागतात. मोठी सूज पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरते, बारीक सूज सहा महिने आणि कधी त्याहून जास्त रेंगाळते. म्हणून नुसत्या दिसण्याच्या तक्रारीसाठी सर्जन किमान सहा महिने थांबायला सांगतात. ते ऐका. पाचव्या आठवड्यात दोन गाल सारखे नसणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे.

पण "थांबा" हे उत्तर सगळ्याला लागू नाही. चावताना हाड हलत असेल, पहिल्या काही आठवड्यांत एक बाजू अचानक खाली बसली असेल, पू किंवा ताप असेल, तर सहा महिने मोजत बसू नका. तुकडा सरकल्याचं लवकर कळलं तर तो जागेवर आणणं सोपं असतं. चुकीच्या जागी जुळला की पुन्हा कापावा लागतो. आमच्या बाबतीत "सूज आहे" या एका शब्दात तीन महिने गेले, आणि मला आजही त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या तासांत किंवा दिवसांत एका बाजूची सूज भराभर वाढली, डोळा पुढं आल्यासारखा वाटला, डोळ्यात असह्य दुखू लागलं किंवा नजर अंधूक झाली, तर फोनवर सल्ला मागत बसायचं नाही. सिव्हिल असो की खाजगी, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर नजर वाचवायला तासांचाच अवधी असतो.

स्कॅन कसा करून घ्यायचा

हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर. चिठ्ठीवर नुसतं "सीटी फेस" असलं तरी केंद्रात गेल्यावर सांगा : चेहऱ्याच्या हाडांचा साधा सीटी, इंजेक्शनशिवाय, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद (म्हणजे स्कॅनमधल्या चित्राचे काप), कपाळापासून हनुवटीखालपर्यंत, थ्रीडीसह. आधीच्या शस्त्रक्रियेची तारीख आणि प्लेट कुठं आहेत तेही लिहून द्या. रिपोर्ट देणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ते माहीत असलं की नजर नेमकी तिथं जाते. नथ, कानातलं, केसांचे आकडे, काढता येणारी कवळी काढून ठेवा. दात अलगद मिटलेले ठेवा आणि स्कॅन चालू असतानाचे काही सेकंद थुंकी गिळू नका, नाहीतर जबडा हलतो. दिवस गेले असल्याची शंका असेल तर टेबलावर झोपायच्या आधीच सांगा.

फिल्म घेऊन समाधान मानू नका. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइल मागा. सर्जनला हवा त्या कोनातून छेद पाहता येतो तो त्यातूनच.

आता थ्रीडी चित्राबद्दल. रंगीत कवटी गोल फिरताना पाहून रुग्ण घाबरतात, "इथं भोक आहे!" म्हणतात. पातळ हाड असलं की संगणक तिथं खोटं भोक दाखवू शकतो. उलट खरी बारीक फट त्या गुळगुळीत चित्रात बुजूनही जाते. कमान जुळली की नाही हे आडव्या छेदांत पाहायचं असतं. बहिणीचा स्कॅन मीच लावला. डावी कमान सलग, पांढरी. उजवीकडे मागच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी काळी फट, पुढचा तुकडा त्या टोकापेक्षा खाली उतरलेला, आणि पुढच्या प्लेटचा एक स्क्रू हाडातून अर्धवट बाहेर. ती काचेपलीकडं झोपलेली होती आणि मी पडद्यासमोर.

तरी एक सांगते, स्कॅनमध्ये फट दिसली म्हणजे शस्त्रक्रिया करायलाच हवी असं नाही. कमानीच्या टोकाशी हाडाऐवजी चिवट पेशींनी सांधा धरलेला असतो, दुखत नाही, हलत नाही, दिसण्यात फरक नाही, अशा फटीला सर्जन हात न लावण्याचाही सल्ला देतात.

फोटो आणि कागद

हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याचा मधला भाग फुगतो. दुसऱ्या कुणाला तरी पाच फुटांवर उभं करून, सकाळच्या खिडकीच्या उजेडात फोटो काढून घ्या : समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, दोन्ही बाजूंनी पूर्ण आडवे, हनुवटी वर करून खालून. एकदा तोंड मिटून, एकदा हसून. दर महिन्याला त्याच जागी. शस्त्रक्रियेआधीचे जुने फोटोही शोधा. बऱ्याच जणांचा एक गाल मुळातच थोडा वर असतो, ते तेव्हा लक्षात आलेलं नसतं.

कागदांत तीन गोष्टी महत्त्वाच्या : शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, आधीचा आणि नंतरचा स्कॅन, आणि वापरलेल्या प्लेट-स्क्रूची माहिती. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. डॉक्टरांच्या वर्तनाच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात आणि नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. आम्हाला फोनवर "फाइल बाहेर देत नाही" असं सांगितलं. मग लेखी अर्ज केला, पोच घेतली, तिसऱ्या दिवशी फाइल आली. त्यातून कळलं की उजव्या कमानीला मागं प्लेटच लावलेली नव्हती. तेवढ्यावरून चूक ठरत नाही, काही पद्धतींत कमानीला प्लेट लावतच नाहीत. पण पुढच्या सर्जनला कुठं काय सापडणार हे आधी कळलं.

डॉक्टर कोण

आपल्याकडचे बहुतेक सर्जन हे हाड अपघातामुळे ओळखतात, सौंदर्यासाठी ते कमी करायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. हाड जुळलं नसेल किंवा वाकडं जुळलं असेल तर हा अनुभव तुमच्या कामाचाच आहे. तुटलेला तुकडा जागेवर आणून पक्का बसवणं हे अपघाताच्या रुग्णांवर काम करणारा चेहरा-जबड्याचा सर्जन नेहमी करतो. तक्रार गाल ओघळण्याची असेल तर फेसलिफ्टचा हात बसलेला प्लास्टिक सर्जन हवा. दोन्ही असेल तर दोघं एकत्र.

पदवी तपासा. प्लास्टिक सर्जनकडे एम.सीएच. किंवा त्याच विषयातली राष्ट्रीय बोर्डाची पदवी असते, नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. जबड्याच्या सर्जनकडे त्या विषयातली एम.डी.एस., नोंदणी डेंटल कौन्सिलकडे. काही आठवड्यांच्या कॉस्मेटिक कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर कितीही मोठं असलं तरी ते यात धरू नका.

किमान दोन मतं घ्या. आम्ही एक सोलापुरात घेतलं, एक पुण्यात. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली की दुपारी दाखवून रात्री घरी परत येता येतं. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांचं मत आधी सांगू नका, स्कॅन आणि फोटो पुढं ठेवा. मग हे विचारा : माझी अडचण हाडाची आहे की मांसाची? काहीच केलं नाही तर काय होईल? तुम्ही यातलं किती सुधारू शकता आणि काय तसंच राहील? जुन्या प्लेट काढणार का? हाडाचा तुकडा भरावा लागला तर कुठून घेणार? आणि अशा दुरुस्त्या तुम्ही स्वतः केल्या आहेत का? पुण्यातले सर शेवटच्या प्रश्नावर रागावले नाहीत, शांतपणे उत्तर दिलं. आम्ही तिथंच ठरवलं.

खर्चाचं थोडक्यात : सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा चालत नाही, अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला सूट असते. इतर उपचारांना असलेली जीएसटीची माफीही इथं नाही. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात कर धरला आहे का ते विचारा.

तंबाखूचं खरं सांगा

मावा, गुटखा, बिडी, मिश्री, जे असेल ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे, पण तोंडं काय सांगतात ते दवाखान्यात दिसतंच. सुपारी-गुटख्यानं गालाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड उघडणं कमी होतं. मग भुलीची नळी घालणं अवघड, आणि तोंडातून हाडापर्यंत पोचणंही अवघड. तंबाखूनं रक्तपुरवठा घटतो, हाड उशिरा जुळतं. किती आठवडे आधी सोडायचं ते सर्जनला विचारा आणि नंतरही हाड धरेपर्यंत शिवू नका. घरातल्या मोठ्या बायकांना मिश्री हे व्यसन वाटतच नाही, त्यांना मुद्दाम विचारावं लागतं.

नंतरचे तीन महिने

एप्रिल-मे टाळता आला तर टाळा. पारा ४० च्या वर असताना चेहऱ्याला पट्टा बांधून सोलापुरात दिवस काढणं फार त्रासाचं आहे. पुण्यात शस्त्रक्रिया असेल तर पहिले काही दिवस तिथंच राहायची सोय करा.

पहिले दोन आठवडे पातळ : हुलग्याचं माडगं, ज्वारीची आंबील, वरणाचं पाणी, ताक, सगळं कोमट. नंतर मऊ खिचडी, ताकभात, दुधात कुस्करलेली भाकरी. शेंगाचटणीचे कण तोंडातल्या टाक्यात अडकतात, म्हणून जखम भरेपर्यंत नको. कडक भाकरी, ऊस, भाजलेल्या शेंगा सर्जननं हाड धरल्याचं सांगेपर्यंत बंद. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. उशी उंच, झोप पाठीवर.

तोंड उघडण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा हे सर्जनच ठरवणार, कारण नव्यानं बसवलेल्या हाडाला लवकर ताण देऊन चालत नाही. परवानगी मिळाल्यावर आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या वापरल्या. समोरच्या दातांमध्ये एकावर एक जितक्या मावतील तितक्या ठेवायच्या, थोडा वेळ धरायच्या, दुखेपर्यंत नाही तर ताण जाणवेपर्यंत. पहिल्या दिवशी आठ मावल्या. मावशीनं स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोजचा आकडा लिहिला. आठ, आठ, नऊ, मग एकदा परत आठ आणि त्या दिवशी रडारड. सातव्या आठवड्यात सतरा झाल्या. स्वतःची तीन बोटं उभी मावली की तोंड पुरेसं उघडतंय असं धरतात.

तिच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत सैल प्लेट काढली, फटीत हाडाचा छोटा तुकडा भरला आणि कमानीला मागच्या बाजूनं नवी प्लेट लावली. सहा महिन्यांनी स्कॅन पुन्हा मीच लावला. या वेळी उजवी कमान सलग दिसली. आवाज गेला. उजवा गाल डाव्यापेक्षा किंचित सपाट आहे, तो तसा राहणार हे सरांनी आधीच सांगितलं होतं. वरच्या ओठाचा उजवा कोपरा अजून थोडा बधिर आहे, म्हणून चहाचा पहिला घोट ती डावीकडून घेते.